हातासरशी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लिफ्टच्या डाव्या हाताला एक पांढरी मारुती ८०० उभी असते. पांढरी हे आरसी बुकावरचं. प्रत्यक्षात तिचा एक दरवाजा दुधी, दुसरा मलईच्या रंगाचा आणि बॉनेट सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखं आहे. १९९९चं मॉडेल. कार्ब्युरेटरवालं, चोक ओढून चालू करायचं. तिच्यासमोर हात मागे बांधून, मान जराशी तिरकी करून जे गृहस्थ उभे दिसतील, ते अण्णा. गाडीवर आता आणखी खर्च करावा की नको, याचा ते विचार करत असतात. हा विचार २०१२ पासून चालू आहे.

विचार एकट्याने करायचा हे अण्णांना मान्य नाही. वॉचमन, पेपरवाला, गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं, सगळ्यांना ते विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" मी इथे राहायला आलो त्याच आठवड्यात मलाही विचारलं. मी नवा होतो. "अण्णा, विकून टाका," असं सरळ बोलून गेलो. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीबद्दल नाही, काकूंबद्दल काहीतरी बोललो होतो. पुढचे दोन महिने त्यांनी मला जिन्यात ओळख दाखवली नाही. तेव्हापासून कुणी विचारलं की मी म्हणतो, "इंजिन तर चांगलं आहे." हे वाक्य कुठल्याही गाडीला चालतं.

गाडी त्यांनी २००४ साली सेकंडहँड घेतली. "डॉक्टरची गाडी, सिंगल हँड, फक्त दवाखाना ते घर," असं एजंट म्हणाला होता. जुनी गाडी विकताना मालक नेहमी डॉक्टरच असतो, पण इथे एजंट खोटं बोलला नव्हता. वर्षभराने सीटखाली गुरांच्या जंताच्या औषधाचं पत्रक सापडलं. डॉक्टर खरेच होते. फक्त त्यांचा दवाखाना चाळीस गावांच्या गोठ्यांत पसरलेला होता.

आता गंमत अशी, की जुन्या गाडीतलं कळणारा अण्णांसारखा माणूस आमच्या भागात दुसरा नाही. दुसऱ्याच्या गाडीचा निकाल ते दहा मिनिटांत लावतात. खिशात एक लोहचुंबक असतं. ते दारांवरून, मडगार्डवरून फिरवतात. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवतात. दह्याच्या साईसारखा पांढरा फेस आला की पाणी ऑइलमध्ये चाललंय, हेड गॅस्केट बघा. मग कुणाला तरी रेस द्यायला लावून स्वतः सायलेन्सरपाशी उकिडवे बसतात. काळा धूर असला तर किरकोळ, पेट्रोल जास्त जातंय, ट्यूनिंग करा. निळा असला तर ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर त्या गाडीसमोर हात जोडा. कॉम्प्रेशन कमी दाखवत असेल तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगतात. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेवटी जमिनीवर आडवे होऊन खालचा पत्रा पाहतात आणि उठून अंगावरची धूळ झटकत सांगतात, "इंजिनाचं काय, इंजिन बदलता येतं. पत्रा सडला की संपलं. विका." तिसऱ्या मजल्यावरच्या एकाची सँट्रो त्यांनी अशीच सव्वा वाक्यात भंगारात काढली. तो बिचारा रडवेला झाला होता.

हे चुंबक स्वतःच्या गाडीला लावताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

स्वतःच्या गाडीचं शास्त्र वेगळं. ते एका रेघी वहीत आहे. अण्णा हिशेब खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे वहीला दोन रकाने आहेत. डावीकडे 'खर्च' आणि उजवीकडे 'वाचले'. खर्चात क्लच प्लेट, रेडिएटर, दोनदा शॉकअप, चारदा इंजिन काम, सगळं तारीखवार लिहिलेलं. उजवीकडे दर महिन्याच्या एक तारखेला एकच नोंद. 'नव्या गाडीचा हप्ता भरला नाही, ९,०००.' मागच्या वर्षी या रकान्याची बेरीज चौदा लाख चार हजारांवर गेली. अण्णांच्या मते ही गाडी पोसावी लागत नाही, तीच घर चालवते. ते चौदा लाख कुठे ठेवलेत, असं काकू अधूनमधून विचारतात.

२०२४ साली पासिंगचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं दर पाच वर्षांनी करावं लागतं. पूर्वी सहाशे रुपये असलेली फी २०२२च्या एप्रिलपासून पाच हजार झालेली, वर पर्यावरण कर. अण्णा महिनाभर काळवंडले होते. मग २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार फी लागू झाली. अण्णा पेढे घेऊन आले! आदल्याच वर्षी भरल्यामुळे पाच हजार वाचले होते. वहीत लाल शाईने नोंद आहे. पुढे नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवावी लागली. एवढी चकचकीत वस्तू त्या गाडीवर पहिल्यांदाच लागली. आता समोरून पाहिलं की प्लेट गाडीला लावल्यासारखी वाटत नाही, गाडीच प्लेटला लावल्यासारखी वाटते.

अण्णांच्या या व्यवहारातला दुसरा पक्ष म्हणजे मिस्त्री. हा माणूस कधीही खोटं बोलत नाही, कारण तो आधी काही सांगतच नाही. "किती येईल?" या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं, "खोलल्याशिवाय काय सांगता येत नाही, काका." आणि खोललं की दुसरा शब्द येतो, हातासरशी. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर हातासरशी प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही टाकू, मजुरी तीच आहे. हेड फेसिंगला जातंच आहे, तर हातासरशी व्हॉल्व्ह घासून घेऊ. टायमिंग बेल्ट निघालाच आहे, तर वॉटर पंपाने काय पाप केलंय? यातलं एकही वाक्य चूक नाही. तीच तर पंचाईत आहे. मजुरी खरोखरच तीच असते, बिल तेवढं निराळं असतं.

पार्ट आणायचं काम मात्र अण्णा कुणावर सोपवत नाहीत. जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून ते स्वतः पुण्याच्या नाना पेठेत जातात. मारुतीने ८०० बनवणं २०१४ साली बंद केलं, तरी ते घाबरले नाहीत. "ओम्नीला तेच सातशे शहाण्णव सीसीचं इंजिन आहे. ओम्नीचं लागतं," असं त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. २०१९मध्ये ओम्नीही बंद झाली. त्या दिवशी आमच्याकडे ते चहा न घेता गेले.

तुम्हाला वाटेल अण्णा म्हणजे पुण्याचं काहीतरी खास आहे. तसं नाही. मुंबईत हाच माणूस पद्मिनीवाला असतो आणि कुर्ल्याचा कारखाना बंद झाला हे त्याने अजून मनावर घेतलेलं नाही. कोल्हापुरात तो जीपवाला असतो आणि उद्यमनगरातून मोडक्या पार्टचा जुळा भाऊ घडवून आणतो. गाडी बदलते, मागे बांधलेले हात तेच.

अण्णांच्या गाडीतून मी एकदाच लांबचा प्रवास केला. मे महिना, साताऱ्याचं लग्न. मागे मी आणि आहेराची भांडी, पुढे अण्णा आणि काकू. खंबाटकीच्या निम्म्या चढावर काटा लाल रेघेकडे सरकू लागला. अण्णा शांत. त्यांनी हात पुढे करून हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता आत ओढून घेतली की रेडिएटरचा भार हलका होतो, हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. या गाडीचा एसी २०११ पासून बंद, हीटर मात्र ठणठणीत. काकूंनी काही न बोलता पिशवीतून ओला पंचा काढून डोक्यावर घेतला, दुसरा मागे माझ्याकडे दिला. पंचे घरूनच भिजवून आणलेले होते. शेजारून एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला आणि त्याच्या क्लीनरने आम्हाला नमस्कार केला. वर पोचल्यावर अण्णांनी घाम पुसून विचारलं, "आता मला सांगा, अशी गाडी विकायची?"

काकू गाडीबद्दल सहसा बोलत नाहीत. एकदाच बोलल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी २०१९ साली सांगितलंय. "हिचं इंजिन चारदा खोललं. माझा एक गुडघा खोलायचा, तर 'या वयात कशाला' म्हणतात."

गेल्या गुरुवारी गाडीत पावसाचं पाणी आलं. अण्णांनी मला बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून. मिस्त्रीने जॅक लावला, खाली सरकला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत निघाला. टण, टण, टण. ड्रायव्हरच्या पायाखाली आल्यावर आवाज बदलला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरून नुसता टेकवला. मी वरून दारातून पाहत होतो. रबरी मॅटखालून टोक वर आलं, मॅट थोडी उचलली गेली.

कुणीच काही बोललं नाही. पत्रा सडला की संपलं, हे वाक्य आम्हा तिघांनाही पाठ होतं. मिस्त्री गाडीखालीच पडून राहिला. जाणता माणूस आहे. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि वाकून विचारलं, "वेल्डिंगला किती?"

"कापल्याशिवाय काय सांगता येत नाही, काका," खालून आवाज आला. "पण सीट काढायलाच लागतील. तर हातासरशी..."

गाडी सोमवारी मिळणार आहे. कुठल्या सोमवारी, ते अण्णांनी विचारलेलं नाही.