पाठ लागली!

पुण्याहून येणारा माणूस बाकरवडी आणतो. आमचा इंजिनिअर मित्र पॅडल बोर्ड घेऊन आला. साडेदहा फुटांची हवा भरायची फळी, एक लांब वल्हं आणि पंप. "हवाई बेटांवर लोक ह्याच्यावर उभं राहून फिरतात," त्यानं सांगितलं. "तिथं बसायला जागा नसंल," आमचा पैलवान म्हणाला.

मुहूर्त मात्र चांगला होता. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेलेली, घाटाच्या पायऱ्यांवर पणत्यांचे तेलकट डाग अजून होते. राजाराम बंधाऱ्यात बरगे पडले होते. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या मधे बरगे सारून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाच्या आधी ते काढून घ्यायचे, ह्या पद्धतीला राज्यभर आमच्याच गावाचं नाव आहे. त्यामुळे जुलैत ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गावात शिरणारी पंचगंगा त्या संध्याकाळी परातीतल्या पाण्यासारखी पडून होती.

फळीत १५ पीएसआय हवा भरायची होती. गाडीच्या टायरात याच्या दुप्पट असते, म्हणून आम्ही हसलो. पण टायर पंक्चरवाला भरतो, ही आम्ही भरायची होती. पैलवानानं जोर मारल्यासारखा पंप मारला. शंभर झाले तरी काटा शून्यावर. तोवर घाटावर पब्लिक जमलं होतं. कोल्हापुरात फुकट दोनच गोष्टी मिळतात, पत्ता आणि सल्ला. आणि पत्ता विचारला तरी सल्ला मिळतो.

"गुडघं वाकवा!"
"खाली बघू नका, नजर म्होरं!"
"वल्हं उलटं धरलंय की वो!"

हे शेवटचं खरं निघालं.

लाइफ जॅकेट घालून पहिला पैलवान उतरला. त्याची उमेद खासबागच्या लाल मातीत गेलेली, तोल हा त्याचा धंदाच. पवित्रा घेऊन तो झोकात उभा राहिला, दोनदा वल्हं मारलं आणि समोरून नजर काढून पायाकडं बघितलं. पंचगंगेनं त्याला अशी ढाक मारली, की पायऱ्यांवरून एकच आरोळी उठली, "पाठ लागली!" ज्या गावात १९१२ साली शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान बांधून दिलं, तिथल्या प्रेक्षकांना निकालासाठी पंच लागत नाही. बाहेर आल्यावर त्यानं नदीची चव सांगितली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या पंचगंगेत धरतात. सहावी आपल्या शहराची. ती मात्र गुप्त नाही.

मग मी. गुडघ्यांवर बसून निघालो, आणि उभं राहायचा विचार तिथंच सोडला. दोन्ही हातांत वल्हं, मान खाली, अशा अवस्थेत काठाकाठानं जाताना धुणं धुणाऱ्या मावशींनी हात थांबवून विचारलं, "कसला नवस हाय म्हणायचा?"

एवढ्यात केंदाळ बाजूला सारत म्हशींचा तांडा आला. म्हशीला पंप लागत नाही, वल्हं लागत नाही, सल्ला तर ती घेतच नाही. शेवटच्या म्हशीच्या पाठीवर उघडाबंब पोरगा बसला होता. माझ्या शेजारून पुढं जाताना त्यानं विचारलं, "काका, शेपूट देऊ काय धरायला?" मी जोरात नाही म्हटलं. जोर जरा जास्त झाला.

पायरीवर अंग पुसत होतो, तेव्हा एक म्हातारे आजोबा फळीला ठोकून बघत होते. "म्हापुरात आमी गुळाच्या काहिलीतनं नदी वलांडायचो," ते म्हणाले. "चपटी, गोल. वल्हं चुकलं की गरागरा फिरायची. धा-धा माणसं, वर शेरडं."

"मग पडत नव्हता?"

"काहिलीत बसायचं असतंय, बाळा. तुमास्नी हुबं ऱ्हायला कुणी सांगितलं?"

इंजिनिअर गप्प.

अंधार पडल्यावर गंगावेशीत गेलो. चौकात म्हशी उभ्या होत्या. समोर धार काढून फेसाचा पेला हातात दिला. त्यातली एक म्हैस माझ्याकडं ओळखीच्या नजरेनं बघत होती. मी दुसरीचं दूध घेतलं.

बोर्ड सध्या माझ्या माळ्यावर आहे. बरगे काढायच्या आत कुणाला हवा असेल तर घेऊन जावा. पंप मारायला माणूस मात्र आपापला आणावा.