पाठीला डबा बांधून

लेस्टर, इंग्लंड
मे महिन्यातला दुसरा रविवार, रात्री

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारलात आणि तिन्ही वेळा मधेच आवाज गेला, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. धाकट्याच्या मोबाइलवर पाठवतो आहे, तो छापून आणील. चष्मा लावून सावकाश वाचा. आईला वाचून दाखवाल तेव्हा जिथं जिथं मी सांगितलं आहे तेवढं गाळा.

सगळ्यात आधी, माझी नोकरी शाबूत आहे. मी खदानीत कामाला लागलेलो नाही. आणि ऑक्सिजनवरही नाही.

झालं असं की तुमच्या सूनबाईनं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. अंगात काळा रबरी पोशाख, पाठीवर नळकांडं, तोंडात नळी, डोळे बाहेर आलेले, आणि मागे फोडलेल्या दगडाचा उभा कडा. खाली तिनं लिहिलं, ‘आज पहिल्यांदा खदानीत.’ बाईनं आणखी चार शब्द खर्च केले असते तर काय बिघडलं असतं? रात्री मामांचा फोन. ‘लाजू नको रे भाचा, कष्टाची भाकर हाय. पर कंपनीनं काढलं कशापायी?’ ते ठेवतात तोच जळगाव जामोदहून मावशी. कोरोनापासून तिला नळकांडं दिसलं की ऑक्सिजनच दिसतो. ती नवस बोलूनसुद्धा मोकळी झाली आहे, तो फेडावा लागणार.

खरी गोष्ट अशी की मी पदरचे पैसे भरून खदानीत बुडायला गेलो होतो. (हे वाक्य आईसाठी नाही.)

आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर स्टोनी स्टँटन नावाचं गाव आहे. तिथली ही खदान, स्टोनी कोव्ह. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथं ग्रॅनाइट काढत. १८५० साली दगड वाहायला रेल्वेचा फाटासुद्धा टाकला होता. पण खाली झरे. आपल्याकडे विहिरीला पाणी लागलं की नारळ फुटतो, पेढे वाटतात. ह्या लोकांनी लागलेलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घालत उपसलं. १९५८ मध्ये काम थांबलं, पंप बंद झाले, आणि खदान आपली आपण भरली. पुढं उत्तर समुद्रात तेल काढायला जे पाणबुडे लागत, त्यांची तालीम साठ-सत्तरच्या दशकांत इथंच होत असे. आता आमच्यासारखे हौशी लोक तिकीट काढून उतरतात. सर्वांत खोल जागी पस्तीस मीटर पाणी, म्हणजे तुमच्या मापानं एकोणीस-वीस पुरुष. पण सात मीटरवर एक रुंद कट्टा आहे, आणि आमच्यासारख्या कच्च्या लिंबांना पहिली बुडी त्या कट्ट्यापर्यंतच. म्हणजे चार पुरुष. आपली विहीर पावसाळ्यात एवढी असतेच.

तुम्ही म्हणाल, मग एवढ्या लांब जाऊन विहिरीतच उतरलास की! तसंच आहे. मागे बुऱ्हाणपूरला कुंडी भंडाऱ्यात आपण लिफ्टनं ऐंशी फूट खाली गेलो होतो. १६१५ सालचं ते भुयारी पाण्याचं काम, रहीम खानखानाच्या अमलातलं. कुंडीत शेवाळलेल्या भिंतीला हात लावत तुम्ही म्हणाला होतात, ‘चारशे वर्षांचं पाणी पाहायला खाली यायचं आणि प्यायची बाटली वर जाऊन इकत घ्यायची.’ ह्या खदानीच्या काठावर मला नेमकं तेच आठवलं, कारण बाटली मी विकतच घेतली होती.

आता उतरण्याची कथा. आमची मास्तरीण बासष्ट वर्षांची, दोन नातवंडांची आजी. फॉर्म भरताना तिनं गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं, डोईफोडिया. अर्थ काय? मी शब्दाला शब्द लावून सांगितला. तिनं माझ्या डोक्याकडे एकदा पाहिलं आणि रबरी टोपी स्वतःच्या हातानं घट्ट बसवली.

पोशाख अंगावर चढवणं हेच अर्धं काम. सात मिलिमीटर जाडीचं रबर, त्यावर छातीपोटाला आणखी तेवढंच. केळीच्या खांबाची सोपटं आपण एकेक करून सोलतो ना, ती पुन्हा खांबाला चढवायची म्हटलं तर कसं होईल, तसं. पायात प्लास्टिकची पिशवी घालून मग पाय सरकवायचा, ही तिथली युक्ती. सूनबाईनं एका बाजूनं ओढलं, पोलंडचा एक ट्रकवाला माझा जोडीदार होता त्यानं दुसऱ्या बाजूनं. तुमची नात व्हिडिओ काढत होती. तो मी पुसून टाकला आहे.

मग डोळ्यांवरचा काचेचा मुखवटा. त्यावर वाफ धरू नये म्हणून काय करायचं? मास्तरीण म्हणाली, आत थुंका आणि बोटानं चोळा. अण्णा, पहिलीत पाटी थुंकीनं पुसली म्हणून गुरुजींनी माझ्या हातावर छडी ओढली होती. इकडे त्याच कामाला मास्तरीण ‘आणखी थोडं’ म्हणते!

आणि पाठीवरचं ते नळकांडं. मावशीला नीट समजावून सांगा, त्यात ऑक्सिजन नसतो, तुम्ही-आम्ही आणि गोठ्यातली म्हैस घेते तीच साधी हवा. फक्त दाबून भरलेली. बारा लिटरच्या पोलादी टाकीत दोनशे बत्तीस बार दाबानं, म्हणजे धाकट्याच्या फटफटीच्या टायरात असते त्याच्या शंभर पट. काठावर ते पाठीला बांधून उभा राहिलो आणि मला एकदम आपली विहीर दिसली. तुम्ही पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधायचात आणि काही न बोलता ढकलून द्यायचात. तो डबा बुडू नये म्हणून होता. हा डबा बुडता यावं म्हणून. शिवाय कमरेला दहा किलो शिसं.

काठावरून मोठी ढांग टाकून पाण्यात गेलो. तुमच्याकडे त्रेचाळीस-चव्वेचाळीस चाललं आहे, इथं पाणी अकरा. मानेतून पाठीच्या कण्यावरून कुणी बर्फाची सुतळी सोडत न्यावी तसं ते आत शिरलं. मी आईला हाक मारली. (हेही गाळा.)

मग सगळ्यांनी जाकिटातली हवा सोडली आणि एकेक जण खाली गेला. ट्रकवाला गेला, मास्तरीण गेली. मी वरच. वाळक्या भोपळ्यासारखा. बुडण्याचे पैसे भरलेला एकमेव माणूस, तोच तरंगतोय!

मास्तरीण परत वर आली. म्हणाली, ‘तुझे पाय चालू आहेत.’ मला पत्ताच नव्हता. ‘आणि छाती भरून ठेवली आहेस. सोड ती हवा.’

चूक कुणाची सांगू? तुमची. काठावर उकिडवे बसून तुम्ही दोनच गोष्टी ओरडायचात, ‘दम धर! हातपाय मार!’ ते अंगात असं मुरलं आहे की डोक्याला न विचारता होतं. आणि ही बाई बरोबर उलटं सांगत होती. दम कधीच धरायचा नाही, हा इथला पहिला नियम. दहा मीटर खाली छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट होते. तोंड मिटून वर आलं तर फुप्फुस फाटायचं. आणि हातपाय मारायचे नाहीत, कारण मारले की माणूस वर येतो, दमतो आणि टाकी रिकामी करतो. मी तिला माझी अक्कलही दाखवली. गेल्या दिवाळीत तारकर्लीला हात धरून उतरवलं होतं ना, तेव्हा समजलं होतं की खारं पाणी जड, ते माणसाला वर ढकलतं. गोड्या पाण्यात शिसं कमी लागतं. ती म्हणाली, ‘बरोबर आहे. पण तुला जास्त लागेल.’ आणि आणखी दोन किलो खिशात टाकलं.

‘सोड. आणखी सोड. अजून आहे.’ शेवटचा श्वास सुटला आणि मी गेलो. पहिल्या दोन मीटरांतच कानात दडे बसले. नाक दाबून आत फुंकर मारायची, मग कान ‘टक’ करून उघडतात. घाटात गाडी उतरते तेव्हासारखं. पण नाक दाबू, नळी सांभाळू की खाली बघू, ह्या घोळात कट्टा कधी आला कळलं नाही. गुडघ्यांवर आपटलो. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम उठला. आषाढातली तापी जशी चहा होऊन वाहते तसं चहूकडे. त्या चहातून मास्तरणीचा हात आला, बोट आणि अंगठा जोडून: ठीक आहेस? मी झोकात अंगठा दाखवला, मस्त! तिनं मला दंडाला धरलं आणि थेट वर नेलं. पाण्याखाली अंगठा वर केला तर ‘वर चला’ असा अर्थ होतो.

वर आल्यावर काठावरच्यांना आपण सुखरूप असल्याचं कळवायचं. त्याची खूण म्हणजे डोक्यावर हात ठेवायचा. मी ठेवला. काठावर सूनबाई. तिनं पाहिलं की नवरा पाच मिनिटांत वर आला आणि डोक्याला हात लावून बसला. ती नातीला म्हणाली, ‘गेले पैसे.’

दुसऱ्यांदा सावकाश गेलो. दोरी धरून, हातभर उतरलो की कान, पुन्हा हातभर. कट्ट्यापासून दोन वीत वर असताना मास्तरणीनं हातानं दाखवलं, थांब. काही करू नको. मी हातावर हात बांधले. श्वास आत घेतला की दोन बोटं वर, सोडला की दोन बोटं खाली. बुडबुड्यांचा खळखळाट तेवढा कानाशी, बाकी सगळं हिरवं. ना तरंगतोय, ना बुडतोय. दहा श्वास तरी तसा लटकून होतो. तेवढ्यात अंगावर काळे पट्टे असलेला, वीतभर लांबीचा एक मासा समोर आला. पर्च म्हणतात त्याला. आमच्या पायांनी गाळ उठला की त्यातले किडे खायला हे येतात, म्हणजे नांगरामागून बगळे. त्यानं माझ्या काचेत डोळा लावून पाहिलं. मी मान हलवली, आपल्याकडे हलवतो तशी, हो-नाहीच्या मधली. मास्तरीण लगेच आली, ठीक आहेस ना म्हणून विचारायला.

त्या कट्ट्यावर काय काय ठेवलं आहे ते सांगितलं तर गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. एक नकली पाणबुडी. विमानाचं तोंड. पुढं खोल पायरीवर तर स्टेनगार्थ नावाची १९१० साली बांधलेली अख्खी बोट आहे, ती २००० साली मुद्दाम बुडवली. आपल्याकडे विहिरीत शेळी पडली तरी गाव गोळा होतं ती काढायला; इथं चांगली बोट पाण्यात सोडतात आणि मग ती बघायला तिकीट घेतात. पाइक नावाचा एक लांब तोंडाचा मासाही पाहिला, अगदी आपली मरळ, तसाच दबा धरून बसलेला.

दोन बुड्यांच्या मधे जेवायला सूनबाईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता. ट्रकवाल्यानं ठेचा जॅमसारखा लावून खाल्ला आणि तो दहा मिनिटं बोलला नाही. पण खरी शिक्षा मला झाली. सहा मीटर खाली ढेकर आला, आणि तोंडातली नळी काढता येत नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला मधे काच. एवढ्या थंड पाण्यात मला एकट्याला घाम फुटला.

आज शेवटची बुडी कट्ट्याच्या कडेवरून खाली, बारा मीटरपर्यंत. आपल्या विहिरीत वरचं पाणी कोमट लागतं आणि पाय खाली सोडले की घोट्याला गार. तसंच इथं, फक्त तो गारवा डोक्यापर्यंत येतो. मनगटावरच्या घड्याळानं आठ अंश दाखवलं. कडेखाली बघितलं तर हिरवं काळं होत गेलेलं. पुढं बघवलं नाही. संध्याकाळी मास्तरणीनं वहीवर शिक्का मारून दिला. पास झालो.

आता तुमचा खरा प्रश्न, की ह्याचा उपयोग काय. तो मी शेवटी ठेवला होता. आईची पितळी कळशी आठवते? लग्नात तिच्या माहेरहून आलेली. मी सातवीत असताना माझ्या हातून विहिरीत सुटली. तुम्ही चार दिवस गळ टाकून शोधलीत. बादली आली, कुणाचा तरी कोयता आला, कळशी आली नाही. आई अजून दर दिवाळीत भांडी घासताना तिचं नाव काढते आणि माझ्याकडे बघते. डिसेंबरात मी महिनाभर येतो आहे. टाकीची सोय कशी करायची ते माझं मी बघतो. तुम्ही फक्त दोराला दगड बांधून पाणी किती पुरुष आहे ते दर पंधरवड्याला मोजून वहीत मांडून ठेवा, आणि उन्हाळ्यात गाळ काढायचा विचार असेल तर ह्या वर्षी थांबा. धाकट्यालाही सांगा, मधल्या मधे गळ टाकून शहाणपणा करू नको.

आईला यातलं काही बोलू नका. तिला सांगा, तो पोहायला जातो. गुडघे सांभाळा. मामांना माझा नमस्कार.

तुमचा,
थोरला

ता. क. : नातीनं आत्ताच दाखवलं. गावच्या ग्रुपवर पोचलेल्या माझ्या त्या फोटोखाली सात जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आहे. त्यातले एक आपले मामाच आहेत. तेवढं काढायला सांगा.