सोळाव्या दिवशी कोण?

मुलाच्या नावावर घर करून दिलं आणि पुढे त्याने आईकडे पाठ फिरवली, तर ते घर आईला परत मिळू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी स्पष्ट केलं. खटला मध्य प्रदेशातल्या छतरपूरचा. निकाल चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर निर्धास्त होऊ नका. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, घर सांभाळाच्या अटीवर दिलं होतं हे दाखवावं लागतं. छतरपूरच्या आईकडे तसा कागद होता. डिसेंबर 2022 मध्ये याच न्यायालयाने, अशी अट सिद्ध होत नाही म्हणून दुसऱ्या एका आईच्या विरोधात निकाल दिला होता.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अटीची आठवण कोण करून देतं? ‘आजी, कॅमेऱ्यात बघा, आता इथे अंगठा ठेवा,’ एवढ्यात घर हातचं जातं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे. म्हणून रोखठोक सांगते: घर मुलांनाच द्यायचंय तर मृत्युपत्र करा, ते हयातीत केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्राशिवाय गत्यंतर नसेल, तर राहण्याचा हक्क, जेवणखाण, औषधपाणी आणि शुश्रूषा हे चारही शब्द दस्तात लिहून घ्या. मुलगा दुखावेल म्हणून गप्प बसू नका. ज्याच्या मनात सांभाळायचं आहे, त्याला ते लिहून द्यायला अडचण नसावी.

पण घर परत मिळाल्यावर त्या घरात अंथरुणाला खिळलेल्या बाईची रात्री कूस कोण बदलणार? याचं उत्तर ना त्या निकालात आहे, ना कायद्यात.

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच आलं. ते मोलाचं आहे, खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रिया होते. मात्र हे कवच रुग्णालयाचं. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा औषधोपचार त्यात धरलेला आहे. अर्धांगवायूच्या माणसाची खरी लढाई सोळाव्या दिवशी सुरू होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीने भरवायचं, डायपर बदलायचे, चादरी धुवायच्या. हे काम सून करते, नाहीतर नोकरी सोडून आलेली मुलगी, नाहीतर ब्युरोकडून आलेली, स्वतःचं लेकरू गावी ठेवून आलेली एखादी ताई. यातल्या एकीच्याही कष्टाचा मोबदला या कवचाच्या हिशोबात धरलेला नाही.

मुलांनी झिडकारलं तर त्याच 2007 च्या कायद्याखाली प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, पण तिथे मिळणाऱ्या पोटगीची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये. हा आकडा 2007 सालचा. आज पुण्या-मुंबईत बारा तासांच्या एका पाळीची बाई त्यात मिळत नाही, आणि पाळ्या दोन लागतात. ही मर्यादा काढून टाकणारं आणि घरपोच शुश्रूषेचा विचार करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. स्थायी समितीकडे गेलं आणि सतराव्या लोकसभेबरोबर रद्दबातल झालं. एवढी वर्षं म्हाताऱ्या माणसांकडे नसतात.

ज्यांना मुलंच नाहीत, किंवा मुलांच्याच घरी चूल कशीबशी पेटते, त्यांच्यासाठी आपल्या राज्यात श्रावणबाळ योजना आहे. महिना 1,500 रुपये. अट काय, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. महिन्याला पडतात 1,750. रोज मजुरीला जाणारा मुलगा घरात असला तरी खरा आकडा याच्या वर जातो, म्हणून गरिबाला तलाठ्याकडे खोटा आकडा सांगावा लागतो. गरजू माणसाला खोटं बोलायला लावणारी ही अट आधी बदलली पाहिजे.

जर्मनीने 1995 साली आणि जपानने 2000 साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आणला. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो. ते देश श्रीमंत आहेत, हे मान्य. पण पहिली पायरी आपल्यालाही परवडते: आयुष्मानच्या पंधरा दिवसांचे निदान नव्वद करा, आणि त्यात घरी येणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेचा, व्यायाम करून घेणाऱ्याचा खर्च धरा. दहा हजारांची मर्यादा उठवणारं विधेयक पुन्हा मांडा. तुमच्या खासदारांना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा त्या विधेयकाचं काय झालं, एवढं तरी नक्की विचारा.