समुद्राची दप्तरदारी

खाऱ्या मत्स्यालयांच्या शौकिनांचे ‘मॅक्ना’ हे उत्तर अमेरिकेतील संमेलन, जिथे चंद्रकलांबरहुकूम मंदावणारे दिवे, कृत्रिम लाटा उसळविणारे पंप आणि कॅल्शियमचा थेंबन्‌थेंब मोजून सोडणारी यंत्रे विक्रीस मांडलेली असतात, ते पाहिले म्हणजे समुद्राचा कारभार आजवर विनादप्तर, निव्वळ भगवद्‌भरोसे चालला होता अशी खात्रीच पटते. दर हजारी ३५ भाग क्षार आणि सुमारे २५ अंश उष्णता यांची अहोरात्र रुजवात घेऊन, तसूभर तफावत पडताच मध्यरात्री मालकाच्या मोबाइलवर तक्रार गुदरणारा नियंत्रक तर अस्सल मामलेदारी थाटाचा! पाण्यातील मळ फेसावाटे वेगळा काढणाऱ्या ‘स्किमर’ यंत्राच्या पेल्यात साचलेला काळपट, दुर्गंधी द्रव मालक पाहुण्यांना अत्तरदाणीच्या अदबीने दाखवितो, हे ओघानेच आले. इतका सरंजाम करूनही काचेवरचे शेवाळ बहुधा त्यालाच खरवडावे लागते.