हलका व्यायाम, पण किती?

मिरजगावात पाठ दुखते म्हणून सांगायची सोय नाही. "वहिनी, पहाटे उठून चार किलोमीटर चालत जा." "बारा सूर्यनमस्कार घाला, महिन्यात फरक पडतो." "आमच्या आईनं सत्तरीत ज्वारी काढली, तिची कधी पाठ दुखली नाही." सांगणाऱ्यांची माया कळते, तरीही माझी तक्रार आहे. काल चाललात तर आज कसं वाटतंय, एवढं यातलं कुणीच विचारत नाही.

पाठदुखीच्या जोडीला ज्यांना थकवाही वर्षानुवर्षं चिकटलेला असतो, त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. अशा थकव्याच्या एका प्रकारात श्रमाचा दणका लगेच बसत नाही. आज बरं वाटलं म्हणून जास्त चाललं की उद्या-परवा अंग गळून जातं आणि पुढचे कित्येक दिवस भाकरी थापायचंही बळ राहत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या सूचना बदलल्या. दर आठवड्याला ठरावीक टप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याची जुनी पद्धत अशा रुग्णांना लावू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं. आपली ताकद ओळखायची, ती संपायच्या आत थांबायचं आणि विश्रांतीही कामासारखी ठरवून घ्यायची, असा नवा विचार आहे. आमच्याकडे मात्र "थोडं थोडं वाढवा, सवय होते" एवढंच ऐकू येतं. आणि वेळेत थांबलं की लोक म्हणतात, "काल तर चांगल्या चालत होता!"

चालण्याला माझा विरोध नाही. पाठदुखी परत उलटू नये म्हणून चालणं खरंच उपयोगी पडतं. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, पद्धतशीर चालणाऱ्यांना पुढची उबळ येईपर्यंत साधारण २०८ दिवस मिळाले, इतरांना ११२. पण चालायचं कुठं? नगर-सोलापूर रस्त्यावर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. शेताकडच्या पाणंदीला पाऊस पडला की काळी माती चपलेला इतकी चिकटते की पाय उचलतानाच कंबरेत कळ येते. सपाट, कोरडा, लहानसा रस्ता हवा आणि अर्ध्या वाटेत टेकायला कट्टा हवा. त्या कट्ट्यावरच अनेकींचं चालणं अवलंबून आहे, कारण परतीचं बळ उरेल की नाही या धास्तीनं त्या घराबाहेरच पडत नाहीत.

सगळ्यात जास्त लागतं ते हे वाक्य : "तुम्ही शेतात राबता, तुम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" खुरपणी, कांद्याची लागण, ज्वारीची काढणी, ही सगळी कामं वाकून करायची. चार-चार तास कंबर एकाच बाजूला मोडलेली असते. अशा पाठीला उलट्या बाजूची हालचाल हवी आणि मधे मधे मोकळीक हवी. त्या श्रमातून ती मिळत नाही. त्यातही थकव्याचं कारण आधी बघावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता. जिच्या अंगात रक्तच कमी आहे, तिला पहाटे पळायला लावणं हा अन्याय आहे. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं, मग व्यायामाचं बोलावं.

कंबरेच्या पट्ट्याचंही तेच. पाठ धरली म्हटलं की कुणीतरी पट्टा आणून देतं, नाहीतर वजन लावून घ्यायला सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांची शिफारस आहे. पट्टा आणि वजन दोन्ही सरसकट वापरू नका, असं म्हटलंय.

मी करते ते एवढंच : सतरंजीवर पाठ टेकून दोन्ही गुडघे वाकवायचे, श्वास सोडताना कंबर हळूच जमिनीला लावायची आणि सोडायची. मग पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पडून राहायचं. नेमकं तेव्हाच कुणीतरी दारातून डोकावतं. "झोपलात का? बरं नाही का?" व्यायाम चाललाय म्हटलं तर विश्वास बसत नाही, कारण घाम आलेला दिसत नाही. मग उठून चहा ठेवावा लागतो आणि त्या दिवसाचा व्यायाम तिथंच संपतो.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांना लहानपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय झाला होता. पुण्यात १९७५ साली त्यांची संस्था उभी राहिली. खुर्ची, लोड, पट्टे, लाकडी ठोकळे, भिंतीला बांधलेले दोर यांच्या आधारानं दुखऱ्या माणसालाही आसन करता येईल, अशी त्यांनी व्यवस्था लावली. पुणं काही लांब नाही. तरी २१ जूनच्या योग दिनाच्या शिबिरांत खुर्च्या असतात त्या व्यासपीठावरच्या पाहुण्यांना. जिला खाली बसता येत नाही, तिला "तुम्ही मागे बसून नुसतं बघा" म्हणतात.

शिबिर सकाळी सहाला असतं. रात्रभर आखडलेली पाठ त्या वेळी सगळ्यात जास्त दुखते आणि घरात धार, चूल, पाणी, शाळेचे डबे सगळं एकदमच असतं. दुपारी चारला ठेवा, भिंतीला लागून दहा खुर्च्या मांडा आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटांत संपवा. आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी यायला तयार आहेत, त्यांना मी विचारलंय.