कोणत्या महिन्यातली लोकसंख्या?

बिदर जिल्ह्यातल्या आमच्या ठाणाकुशनूरची लोकसंख्या किती, असं कट्ट्यावर विचारून बघा. उत्तराआधी उलटा प्रश्न येईल: कोणत्या महिन्यातली? प्रश्न वाजवी आहे. दिवाळी झाली की कोयते घेऊन काही घरं ऊसतोडीला निघतात. बांधकामावरचे त्याआधीच हैदराबाद-पुण्याला गेलेले असतात. उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली, की त्याच घरांत पाय ठेवायला जागा नसते. पंचायतीच्या निवडणुकीला तर गाव असं फुगतं की वर्षभर न दिसलेले चुलते गल्लीत भेटतात आणि आपल्यालाच विचारतात, ‘कवा आलाव?’

जनगणनेला मात्र नेमका फेब्रुवारीच सापडतो. 2011 साली 9 ते 28 तारखेपर्यंत मास्तर लोक दारोदार फिरले. त्या वीस दिवसांत जो एकदाही घरी आला नाही, तो जिथे सापडेल तिथला. म्हणजे आमचे तोडकरी उसाच्या फडावर जमा. कर्नाटकात दर चारशे डोक्यांमागे पंचायतीत एक सदस्य. तेव्हा फडावर राहिलेली डोकी तशी महागच पडतात.

या बाबतीत मला फ्रान्समधली लहान गावं हुशार वाटतात. दहा हजारांखालच्या गावात तिथे दर पाच वर्षांनी मोजणी होते. बाहेरगावी शिकणारी पोरं, आईबापांचं घर गावात असेल तर, वेगळ्या रकान्यात धरतात आणि ती मिळवून गावाचा दुसरा, जरा भरदार आकडा काढतात. असा रकाना आमच्याकडे आला, तर उदगीर-बिदरच्या कॉलेजांतली आणि लातूरच्या ट्यूशनांतली पोरं मिळून एक गल्ली सहज वाढेल.

वाढ होतेय हे खरंच. बिदर जिल्हा 2001 ते 2011 मध्ये पंधरा लाखांवरून सतरा लाखांवर गेला. गावातही स्लॅबची नवी घरं उठली. त्यांतल्या काहींना कुलूप आहे आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. या घराची लोकसंख्या शून्य धरायची, की काकूंना त्यात मिळवायचं?

आणि गाव नेमकं कुठलं? 1951 ला ते हैदराबाद राज्यात मोजलं, 1961 ला म्हैसूरमध्ये, 1981 ला कर्नाटकात. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेत उदगीर-निलंगा सीमेपलीकडे गेले, औराद-भालकी अलीकडे राहिले. वेशीतला मारुती जागचा हलला नाही, पण राज्यं त्याने तीन पाहिली.

पुढची गणना 2027 ची. मास्तर आता मोबाइलवर भरणार म्हणे. मातृभाषा एक आणि येणाऱ्या इतर भाषा दोन, एवढीच सोय. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, तांड्यावरच्या दोस्ताशी लमाणी. यांतली कुठली गाळायची यावर ओट्यावर वाद रंगणार. मास्तर घड्याळ बघत म्हणणार, ‘काका, लवकर ठरवा, अर्धी गल्ली राहिलीय.’