साहेबांचा पेशंट

महाराष्ट्रातल्या अनेक आमदार-खासदारांच्या कार्यालयात आता एक माणूस फक्त दवाखान्यांच्या कामासाठी बसवलेला असतो. कुणाला खाट मिळत नाही, कुणाचं बिल हाताबाहेर गेलंय, कुणाचा अर्ज मुख्यमंत्री सहाय्यता निधीत अडकलाय. तो माणूस फोन लावतो आणि म्हणतो, "साहेबांचा पेशंट आहे, बघून घ्या." काम होतं. घरचे हात जोडतात आणि निवडणुकीपर्यंत ते लक्षात ठेवतात.

फोन करणाऱ्या त्या कार्यकर्त्याशी माझं भांडण नाही. अपरात्री फोन उचलून रक्ताची सोय करणारी अशी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझं भांडण साहेबांशी आहे. साहेब ज्या सभागृहात बसतात तिथे एक धड कायदा झाला, तर या फोनची गरजच उरणार नाही. तो कायदा ते करत नाहीत. उपकार करणं त्यांना सोयीचं आहे.

"योजना आहे की," असं उत्तर येतं. आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. जुलै 2024 पासून तर रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण लागू झालं. या योजनेमुळे कितीतरी घरं कर्जातून वाचली, हे मान्य करायलाच हवं. पण हे सगळं शासन निर्णयाने आलंय आणि शासन निर्णयानेच जाऊ शकतं. उद्या यादीतून एखादी शस्त्रक्रिया गळली, मिळणारा दर परवडत नाही म्हणून रुग्णालयाने अंग काढून घेतलं, किंवा बिलं थकल्यामुळे काउंटरवर "सध्या योजनेतून होणार नाही" असं ऐकावं लागलं, तर रुग्णाने कोणत्या कलमाचा आधार घेऊन भांडायचं? रुग्णालयात बसणारा योजनेचा आरोग्यमित्र फार तर सहानुभूतीने ऐकून घेईल. अपील ऐकण्याचा अधिकार त्याला नाही.

राजस्थानने योजनेवर न थांबता कायदा करण्याचं धाडस केलं. 21 मार्च 2023 रोजी तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला, आणि असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार करायचे आणि रुग्णाला पैसे भरणं जमलं नाही तर सरकारने रुग्णालयाला भरपाई द्यायची, हा त्याचा गाभा. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दवाखाने बंद पडले. 4 एप्रिलला सरकार आणि डॉक्टर यांच्यात आठ मुद्द्यांवर तडजोड झाली. 50 खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयं बाहेर. सरकारकडून जमीन वा सवलत न घेतलेली खासगी रुग्णालयंही बाहेर. डॉक्टरांची भीती खोटी नव्हती. सरकारकडून पैसे कधी मिळतील, हा प्रश्न कोणत्याही छोट्या नर्सिंग होमच्या मालकाला विचारा. पण त्या तडजोडीत ज्याच्या नावाने कायदा झाला तो रुग्ण कुठे होता? कायद्याखालच्या प्राधिकरणांतही अधिकारी आणि डॉक्टर यांचाच भरणा. जन स्वास्थ्य अभियानासारख्या ज्या संघटनांनी या हक्कासाठी वर्षानुवर्षं जोर लावला, त्यांनी पाठिंबा देतानाच यावर बोट ठेवलं होतं. डिसेंबर 2023 मध्ये सरकार बदललं. आधीच्या सरकारच्या चिरंजीवी आरोग्य विमा योजनेचं नाव बदलायला नव्या सरकारला दोन-तीन महिने पुरले. कायद्याचे नियम मात्र लटकत राहिले.

तरीही तो कायदा आजही कायदाच आहे. तो रद्द करायचा तर सरकारला विधानसभेत उभं राहून कारण सांगावं लागेल. योजना गुंडाळायला तेवढंही लागत नाही.

आपल्याकडे नियमांचा तुटवडा नाही. 2006 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने आलेली धर्मादाय रुग्णालयांची योजना आहे. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात, बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही. हे सगळं लिहिलेलं असताना एप्रिल 2025 मध्ये पुण्यात अनामत रकमेवरून वाद पेटल्यावर तेच पुन्हा बजावण्याची वेळ सरकारवर आली. जानेवारी 2021 मध्ये नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले. दरफलक दर्शनी भागात लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, बिलासाठी मृतदेह अडवू नका, तक्रार निवारण कक्ष उभारा. जन आरोग्य अभियानाने त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. तुमच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये जाऊन तो दरफलक शोधा. सापडला नाही तर महापालिकेत त्या तक्रार कक्षाचा नंबर विचारा. नियम पाळला जातोय का हे बघणारा अधिकारी आणि तो तपासण्यासाठी लागणारी माणसं द्यायला कुणी तयार नाही, कारण ते मागणारा रुग्ण मसुदा लिहिणाऱ्यांच्या जवळपासही नसतो.

रुग्ण जवळ असला की काय घडतं, तेही आपण पाहिलंय. एचआयव्ही-एड्स कायद्याचा मसुदा एचआयव्हीसह जगणाऱ्यांशी सल्लामसलत करून, लॉयर्स कलेक्टिव्हच्या वकिलांनी तयार केला. 2014 मध्ये तो राज्यसभेत आला तेव्हा उपचारांच्या कलमात 'शक्य तितपत' अशी पळवाट दिसली. औषध देण्याची सरकारची जबाबदारी एवढ्याने सैल पडते, हे देशभरच्या रुग्णांनी ओळखलं आणि विरोध केला. 2017 मध्ये कायदा मंजूर झाला. भेदभावाविरुद्धची कलमं त्यांनी मिळवली, ही पळवाट मात्र राहिली. ती काढून टाकायची लढाई अर्धी राहिली असली, तरी कलमातला नेमका धोका सांगायला रोज ती गोळी घेणारा माणूस लागतो. कोणताही सचिव किंवा कोणतीही तज्ज्ञ समिती त्याच्या जागी चालत नाही.

म्हणून महाराष्ट्रात आरोग्य हक्काचा मसुदा बनेल तेव्हा समितीत डायलिसिसवर असलेला माणूस हवा, थॅलेसेमियाच्या मुलाची आई हवी, हिमोफिलियाच्या रुग्णांची संघटना हवी, आणि आशाताईही हवी. त्यांना ऐकून घेण्यापुरतं बोलावणं पुरणार नाही, मताचा अधिकार द्या. त्यांनी सुचवलेलं कलम वगळलं तर त्याचं कारण लेखी द्या. आणि राजस्थानचा घोळ टाळायचा तर नियम किती महिन्यांत करायचे, ती मुदत कायद्यातच घाला.

एक कलम मी स्वतः सुचवतो. रुग्णालयाचं बिल सरकारने ठरावीक दिवसांत चुकतं करावं, उशीर झाला तर व्याजासकट. थकलेल्या पैशांची भीती गेली की 20 खाटांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला या कायद्याविरुद्ध शटर ओढायचं कारण उरत नाही, आणि काउंटरवर योजनेचं कार्ड दाखवणाऱ्याला परत पाठवायचंही नाही. ही मागणी रुग्णांच्या संघटनांनी आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या महाराष्ट्र शाखेने एकाच निवेदनावर सही करून सरकारकडे न्यावी.